आचाऱ्याच्या घरची कोळंबी

टिकलीला कोळंबी चालत नाही, हे त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं? खालच्या वॉचमनला ठाऊक होतं. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला ठाऊक होतं. दूधवाल्याला ठाऊक होतं, त्याचा कोळंबीशी काडीचा संबंध नसताना. समोरच्या दारातल्या शिवणकाकू तर आपल्या घरी कोळंबी शिजवायची झाली की खिडक्या लावून घेत. आणि चालत नाही म्हणजे पोटात दुखतं एवढंच नव्हे, जिवावर बेततं. कुणाच्या तरी वाढदिवसाला एक तुकडा चुकून पोटात गेला होता, तेव्हा पोरगी मरता मरता वाचली होती. ठाऊक नव्हतं ते फक्त एका माणसाला. आणि तो माणूस त्या सकाळी पिशवीत ताजी कोळंबी घेऊन, शीळ घालत जिना चढत होता. तो टिकलीचा बाप.

आता तुम्ही म्हणाल, बापालाच ठाऊक नाही असं कसं? सांगतो. हा गृहस्थ मालवाहू जहाजावर आचारी. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. टिकली जन्मायच्या आधी एकदा त्याचे वडील आजारी असल्याचा फोन जहाजावर गेला. हा कढईसमोर उभा राहून वडिलांचाच विचार करत बसला, जहाज हललं आणि उकळतं तेल डाव्या हातावर आलं. वडील खडखडीत बरे झाले. हाताचं कातडं मात्र कोपरापर्यंत सुरकुतलेलं ते राहिलंच. तेव्हापासून त्याच्या बायकोने घरात कायदाच केला की त्याला वाईट बातमी कळवायची नाही. तिकडे बसून तो करणार काय? उगीच जिवाला घोर.

बरं, सुट्टीवर आल्यावर तरी सांगायचं! पण आल्या आल्या कशाला, दमून आलाय. मध्येच कशाला, खुशीत आहे. जायच्या वेळी कशाला, तिकडे जाऊन तेच घोळवत बसेल. अशी सांगायची वेळ कधी आलीच नाही. घरात कोळंबी येणं बंदच झालं होतं, तेव्हा बायकोला वाटलं, भीती कसली? उलट नवरा यायचा झाला की ती फ्रिजवर चिकटवलेला सूचनांचा कागद काढून ठेवी, आणि फ्रिजवरचा निळा डबाही उचलून आत टाकी. दिसला की तो विचारणार आणि विचारलं की सांगावं लागणार.

त्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानात कामावर होती. शाळेला सुट्टी होती. आणि आचाऱ्याला परत बोटीवर जायला थोडेच दिवस उरले होते.

त्याच्या मनात एक सल होता. पोरगी त्याच्याशी फार शहाण्यासारखी वागायची. आईपाशी हट्ट करी, पाय आपटी, रुसून बसे. बाप आला की एकदम गुणी बाळ. "हवं का?" तर "चालेल." "आवडलं का?" तर "हो." पाहुण्यांशी बोलतात तशी बोलायची. त्याला वाटे, माझ्या हातचं एखादं तरी खाणं हिच्या जिभेवर बसावं, मी नसताना हिने आईपाशी त्याच्यासाठी भोकाड पसरावं. म्हणून त्याने आज आपलं हुकमी अस्त्र काढलं होतं. दूरच्या एका बंदरात एका म्हाताऱ्या आचाऱ्याने त्याला शिकवलेला 'सेविचे' नावाचा पदार्थ.

"याला विस्तवच लागत नाही, माहितीये?" ओट्यावर लिंबं, संत्री, आंबा, नारळ मांडत तो म्हणाला. "लिंबाच्या रसातच कोळंबी पांढरी होते. पण मी कच्चं माझ्या लेकीच्या पोटात घालायचा नाही. आधी उकळत्या पाण्यातून काढणार. काय?"

"हो," टिकली म्हणाली. ती दारात उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"अगं, ये की जवळ. चावत नाही ती!"

ती आली, पण ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला. संत्री पिळायला दिली तर नीट पिळली, बियासुद्धा वेचल्या. कोळंबीकडे मात्र तिने बघितलंही नाही. आचाऱ्याला वाटलं, किळस वाटत असेल. शहरातली पोरं, चालायचंच.

आणि काळजी तर किती घेतली त्या माणसाने! प्रत्येक कोळंबीचा वास घेतला. पाठीतला काळा दोरा सुरीच्या टोकाने ओढून काढला. मिठाच्या पाण्याला उकळी आल्यावर कोळंबी आत सोडली, गुलाबी होऊन वळली तशी काढून बर्फात टाकली. पाट वेगळा, सुरी वेगळी, हात साबणाने दोनदा धुतलेले. मग काचेच्या वाडग्यात लिंबाचा आणि संत्र्याचा रस, वर कांद्याच्या कागदासारख्या चकत्या, आंब्याच्या फोडी, बेताची मिरची, कोथिंबीर, आणि शेवटी नारळाचं दाट दूध. जहाजावरच्या कप्तानालाही त्याने एवढ्या निगुतीने कधी वाढलं नव्हतं. ज्या बाजूने चोर येणार नव्हता त्या बाजूला त्याने सात कुलपं लावली.

"बाबा, हे आई आल्यावर खायचं का?" टिकलीने विचारलं.

"आई येईपर्यंत त्याचं चामडं होईल. हे ताजंच खायचं असतं."

"मग मी नुसता आंबा खाऊ?"

"घ्या! आचाऱ्याची पोरगी आणि कोळंबीला नाक मुरडते! कुणाला सांगायची सोय राहिली नाही."

तो थट्टेत म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा पडला. लपवायला गेला आणि जास्तच पडला. टिकली त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने चमचा उचलला, त्यातल्या त्यात बारीक कोळंबी शोधली आणि डोळे मिटून, न चावता गिळली.

"आहे की नाही?" बाप खूश. "घे अजून एक. आता चावून खा, तरच चव कळेल."

तिने अजून एक खाल्ली. चावून खाल्ली.

थोड्या वेळाने ती मान खाजवू लागली. तो आपल्या वाटीत वाढून घेत होता, त्याने लक्ष दिलं नाही. मग बघितलं तर ओठ लाल झाले होते. "मिरची लागली का गं?" त्याने विचारलं. तिने मान हलवली, हो. त्याने साखर दिली, तीही तिने खाल्ली. साखर तोंडात असतानाच तिचा वरचा ओठ सुजायला लागला. त्याच्या डोळ्यांदेखत सुजला. डोळ्यांखाली फुगलं, गळ्यावर गांधी उठल्या, आणि श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"टिकले? काय होतंय? कवच अडकलं का घशात? खोक, जोरात खोक!" त्याने तिच्या पाठीत थापा मारल्या. ती खोकली नाही, रडलीही नाही. नुसती त्याच्याकडे बघत होती. भर वादळात त्याने स्वयंपाक केला होता, पण अशी भीती त्याला कधी शिवली नव्हती. तिला उचलून तो दाराबाहेर आला आणि ओरडला. काय ओरडला ते त्याचं त्यालाही आठवत नाही.

समोरचं दार उघडलं. शिवणकाकू गळ्यात टेप घेऊनच धावत आल्या. टिकलीचं तोंड बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला.

"भाऊजी, काय खाल्लं हिने?"

"काही नाही हो... कोळंबी..."

"कोळंबी? अहो, वेड लागलंय का तुम्हाला! हिला कोळंबी?"

त्या त्याला ढकलून आत गेल्या आणि थेट फ्रिजच्या माथ्यावर हात घातला. हात रिकामा फिरला. "डबा कुठाय? निळा डबा! इथेच असतो तो!"

"कसला डबा?"

"हिच्या इंजेक्शनचा!"

"कसलं इंजेक्शन?"

शिवणकाकूंनी त्याच्याकडे एकदा बघितलं. त्या एका नजरेत त्याला कळलं की आपल्याला काहीतरी माहीत नाही आणि ते जगाला माहीत आहे. पण लाज वाटायलाही वेळ नव्हता. काकू एका हाताने रुग्णवाहिकेला फोन लावत होत्या, दुसऱ्या हाताने कपाटं उघडत होत्या. त्याने खण ओढून जमिनीवर उपडे केले. चमचे, बिलं, मेणबत्त्या, सगळं पसरलं. निळं काही म्हणजे काही सापडेना. बायकोला फोन लावला, ती उचलेना. गिऱ्हाईक समोर असलं की ती फोन आत ठेवी. भिंतीला टेकवून बसवलेल्या टिकलीचे ओठ आता निळसर दिसायला लागले होते.

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "बाळा, तुला माहितीये का डबा कुठाय ते?"

तिच्या डोळ्यांत दिसलं की तिला माहीत आहे.

"अगं, सांग ना!"

तिचे ओठ हलले. त्याने कान तिच्या तोंडाशी नेला. "बाबांना... सांगायचं नाही," ती शिट्टी वाजणाऱ्या श्वासात म्हणाली.

"सांग राणी, सांग," तो तिचे पाय धरून म्हणाला. "कोणी रागावणार नाही."

"टिकले, कुठाय?" शिवणकाकू कडाडल्या. "आईला काय सांगायचं ते मी बघून घेईन! बोट दाखव!"

बोट वर झालं. आतल्या खोलीतलं कपाट. गोधड्यांच्या खाली, अगदी तळाशी निळा डबा. काकूंनी झाकण काढलं. आत जाडजूड पेनासारखं इंजेक्शन. ते त्यांच्या हातातून दोनदा सुटलं.

"मी पाय धरते, तुम्ही मारा. मांडीत. कपड्यावरूनच. दाबून धरा, लगेच काढू नका."

आयुष्यभर ज्याने सुऱ्या चालवल्या त्याला ते पेन डोंगराएवढं जड झालं. वाचली नाही तर? हाच एक विचार डोक्यात घण घालत होता. माझ्या हाताने भरवलं मी हिला. 'अजून एक घे' म्हणालो. त्याने दात आवळून पेन मांडीत दाबलं. आत खट्ट झालं. टिकली दचकली, पण तेव्हाही रडली नाही.

रुग्णवाहिका आली तेव्हा तिचा श्वास जरा मोकळा झाला होता. दवाखान्यात तिला आत नेलं आणि तिथली डॉक्टरीण बाहेर येऊन विचारायला लागली. वजन किती? याआधी कधी झालं होतं? तेव्हा दाखल केलं होतं का? दमा आहे का? प्रत्येक प्रश्नाला तो तोंड उघडी आणि उत्तर शिवणकाकू देत. शेवटी डॉक्टरणीने विचारलं, "आणि आपण कोण?"

"मी वडील," तो म्हणाला. स्वतःलाच ते खोटं बोलल्यासारखं वाटलं.

निरोप मिळताच बायको धापा टाकत आली. जिवावरचं टळलं आहे, पण रात्रभर लक्ष ठेवायला हवं, हे डॉक्टरणीकडून ऐकलं आणि मग ती त्याच्यावर तुटून पडली, "कोळंबी कशाला आणलीत तुम्ही? कोणी सांगितलं होतं?"

"कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "तेच विचारतोय मी. मला कोणी सांगितलं होतं?"

ती मटकन बाकावर बसली. मग तिने सगळं सांगितलं, वाढदिवस, दवाखाना, इंजेक्शन, डबा. "तुम्ही फोन केला होता त्या रात्री. मी म्हटलं, ती झोपलीये. इथेच होती, नळ्या लावलेल्या. काय सांगणार होते मी? तुमच्या हाताकडे बघितलं की माझी जीभच उचलत नाही. आणि तिलाही मीच बजावलं. बाबांना काळजी वाटेल असं काही बोलायचं नाही."

त्याला तिच्यावर चिडायचं होतं. पण राग येईना, भीतीच जात नव्हती. शिवणकाकू त्या दोघांकडे बघून म्हणाल्या, "तुम्हा दोघांच्या मायेने पोरगी गेली असती आज." आणि डोळे पुसत पाणी आणायला गेल्या.

संध्याकाळी त्यांना आत सोडलं. टिकलीचा चेहरा अजून फुगलेला होता, हाताला सलाईन होतं. आई एका बाजूला बसली, तो दुसऱ्या. टिकलीने डोळे उघडले, आधी आईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याचे रडून सुजलेले डोळे बघितले. आणि सुजलेल्या ओठांनी हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "बाबा, छान झाली होती कोळंबी."

दिवसभरात तो इतका घाबरला होता, पण या वाक्याने जेवढा घाबरला तेवढा कशानेच नाही. मरणाच्या दारात जाऊन आलेलं हे पोर त्याचीच समजूत काढत होतं. हिला उद्या काहीही झालं तरी ही हसूनच सांगणार. आपण तिकडे पाण्यावर बसून ते ऐकणार आणि निवांत झोपणार.

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "छान नव्हती. वाईट होती. मी घाबरलो, टिकले. खूप घाबरलो. अजून हात कापतायत, हे बघ."

त्याने आपला भाजलेला हात तिच्यापुढे धरला. तो खरंच कापत होता. टिकलीने आईकडे बघितलं. आईने तोंडाला पदर लावला होता. तिने कशीबशी होकाराची मान हलवली.

"तू घाबरली होतीस का?" त्याने विचारलं.

टिकलीची हनुवटी थरथरली. "हो," ती म्हणाली. "दुखलं मला. सुई खूप दुखली. आणि तुम्ही म्हणालात अजून एक घे!" आणि तिने असं भोकाड पसरलं की पलीकडच्या खोलीतली नर्स धावत आली.

"काय झालं? का रडतेय ही?"

"काही नाही," तो म्हणाला. त्याने लेकीला सलाईनसकट छातीशी धरलं होतं आणि ती मोकळ्या हाताने त्याला बुक्क्या मारत होती. "रडू दे तिला."