दिल्लीचा दोरा

आप्पांचा दोरा पहिल्या दिवशी बरोबर नऊ इंच होता. बाविसाव्या दिवशी तो सव्वानऊ भरला. वडगावच्या मागावरचा सुती दोरा. शाळेच्या नकाशावर बेळगाव ते दिल्ली असा धरून आप्पांनी तो तोडला, खिशात घालून घरी आणला आणि रोज संध्याकाळी ओढून ओढून फूटपट्टीवर मोजला. नकाशात इंचाला शंभर मैल. म्हणजे तीन आठवड्यांत दिल्ली पंचवीस मैल लांब सरकली होती.

साल १९४६. दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी मिळाली होती. होकार शनिवारच्या टपालाने गेला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आज शुक्रवार. आप्पा भूगोलाचे मास्तर. "आधी अंतर ठरू दे, मग परवानगीचं बघू," हेच त्यांचे बावीस दिवसांचे उत्तर.

"विमानानं साडेपाच तास," आप्पा म्हणाले. "दोरा वाढलाय. नऊ मिनिटं जास्त धर."

निपाणीचा गाडीवान यल्लाप्पा खानापूरला तंबाखू उतरवून परत निघाला होता. वाटेत मच्छे गावात राहणाऱ्या मालूआत्याला, आप्पांच्या थोरल्या बहिणीला, त्याने बैलगाडीत घेतले होते. दोघे आमच्या ओसरीवर चहा पीत होते.

"आणि सडकेनं किती, मास्तर?" यल्लाप्पाने विचारले.

"साडेअकराशे मैल."

"माझी बैलं दिसाला वीस मैल जात्यात. म्हंजे अठ्ठावन दीस. मधी बेंदूर आला तर एकोणसाठ. त्या दिशी बैल जुपत न्हाईत."

आप्पांनी एकोणसाठ लिहून घेतले.

"मी रेल्वेने जाणार आहे," मी म्हणाले. हे मी चौथ्यांदा सांगत होते.

"तिकडं तू आजारी पडलीस तर मी पोचायचो कधी?" आप्पा दोऱ्याकडे बघत म्हणाले.

आत्याने कप खाली ठेवला. "हरी, हितनं मच्छे किती रं?"

"साडेपाच मैल, आक्का."

"येळ किती लागतो?"

"चालत दोन तास. गाडीनं जरा जास्त."

"व्हय? मग तुला अकरा वर्सं कशी लागली?"

यल्लाप्पा घाईघाईने बैल बघायला उठला. भांडण कधीच नव्हते. 'येत्या रविवारी आक्काकडे जाऊ,' एवढेच आप्पा दर आठवड्याला म्हणत आले होते.

"ह्या पोरीची दोन पत्रं आली मला," आत्या म्हणाली, "शेजारच्या शाळेतल्या मास्तरणीकडनं वाचून घेतली. तुझं एक न्हाय. आता सांग, लांब कोण ऱ्हातंय?"

आप्पांनी दोरा फूटपट्टीवर ठेवला, पण मोजला नाही. मग त्यांनी टाक माझ्याकडे सरकवला.

"रविवारी मी मच्छ्याला जातोय," ते म्हणाले. "आणि पद्मजे, तू दिल्लीला जा."