कागदाखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. धाराशिवकडच्या माळावरच्या एका छोट्या विद्यापीठाच्या व्हरांड्यात मी टांगलेला असतो. मुरूम गावच्या शिवप्पा सुतारानं माझी सागवानी चौकट केली, आत हिरवं कापड ताणलं आणि काचेची दारं लावली. पहिल्या दिवशी मला हार घातला होता. तेव्हा मी भोळा होतो. माझ्यावर लागेल तो कागद खरा, असं मला वाटायचं.

निकालाच्या दिवशी मुलं माझ्या काचेला नाक लावायची. आता निकाल मोबाइलवर येतात. माझ्या वाट्याला उरली ती कुलगुरूंची निवेदनं, आणि ती वाचून वाचून माझा स्वभाव संशयी झाला. काही बिघडलं की निवेदन निघतं. 'घडलेला प्रकार दुर्दैवी आहे. विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या पाठीशी आहे. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' मुलं ते घाईत 'कारवाई' असं वाचायची आणि समाधानानं निघून जायची. कारवाई माणसावर होते, मित्रांनो. कार्यवाही म्हणजे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते.

माझी किल्ली बब्रुवान शिपायाकडे असते. कुलगुरूंच्या सहीचा कागद लेखी आदेशाशिवाय काढायचा नाही, हा त्याचा नियम. नवा कागद आला की तो जुन्यावरच ठेवायचा आणि त्याच चार टाचण्या पुन्हा टोचायचा. त्यामुळे माझ्या अंगावर कागदाखाली कागद साचत गेले.

यंदा उन्हाळ्यात वसतिगृहातल्या टाकीचं पाणी पिऊन अकरा मुली आजारी पडल्या. राजेश्वरीला तर सलाइन लावावं लागलं. मुली अजून दवाखान्यात पोचत होत्या, तोवर निवेदन माझ्यावर लागलंसुद्धा. मजकूर आधीच छापलेला, तारीख तेवढी पेनानं घातलेली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

राजेश्वरीची खोलीतली मैत्रीण श्रावस्ती. तिनं पत्रकारांना सांगून टाकलं, की टाकीची तक्रार आम्ही जानेवारीतच लेखी दिली होती. झालं. विद्यापीठाची बदनामी केली म्हणून तिला वसतिगृहातून काढणार, अशी कुणकुण दुसऱ्याच दिवशी तिच्या कानावर आली. तिचं घर ढोकीच्या पलीकडच्या वस्तीवर. वसतिगृह गेलं की शिक्षणही गेलं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. निवेदनाची जाडी तिच्या डोळ्यांत भरली.

"मामा, ह्याच्याखाली काय हाय?"

"जुनंच हाय की, पोरी," बब्रुवान म्हणाला. "दोन साहेब येऊन गेले, टाकी हाय तिथंच हाय."

"उघडता का जरा?"

त्यानं कुलूप काढलं आणि टाचण्यांची डबी तिच्या हातात दिली. "म्या च्या पिऊन येतो. काढू मातर नको, सहीचे कागद हायत."

तिनं एकही कागद काढून टाकला नाही. पाचही कागद सोडवून शेजारी शेजारी लावले, एवढंच. मजकूर तोच, वरचा विषय तेवढा वेगळा: पेपरफुटी, पडलेली भिंत, टाकी, टाकी, टाकी. सह्या तीन कुलगुरूंच्या.

दुपारी कुलगुरू कॅमेऱ्यांपुढे बोलायला आले आणि नेहमीप्रमाणे माझ्यापुढे उभे राहिले. "योग्य ती कार्यवाही..." एवढं म्हणाले, तोच राजपाल नावाच्या पत्रकारानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, कार्यवाही का कारवाई?"

साहेब वळले. त्यांनी पाचही कागद वाचले. तेवढ्यात कार्यालयातून कारकून श्रावस्तीच्या नावाची नोटीस घेऊन आला आणि लावायला सांगू लागला. बब्रुवाननं रिकामी डबी उलटी करून दाखवली.

"टाचण्या संपल्यात, साहेब. जागाबी न्हाय."

कॅमेरे चालूच होते. कुलगुरूंनी नोटीस स्वतःच्या हातात घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "मुली आमच्या घरच्याच आहेत," ते हसून म्हणाले. टाळ्या पडल्या. श्रावस्ती त्या खिशाकडेच बघत होती, आणि मीही.

आता वसतिगृहात नवी टाकी बसली आहे. श्रावस्ती तिथंच राहते आणि परीक्षेला बसली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे.

तरी एक विनंती करतो, मित्रांनो. अधूनमधून माझी काच पुसत जा. कागद वाचताना सावकाश वाचा आणि त्याच्याखाली दुसरा आहे का तेही बघा. ती नोटीस कुणी फाडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. बब्रुवान पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, आणि कालच कार्यालयात टाचण्यांची नवी डबी आली आहे.