उंबऱ्याबाहेरचा जोड

मित्रांनो, मी एक जुना वहाणांचा जोड आहे. जाड तळाचा, खिळे मारलेला, करकर वाजणारा. आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागे कोंडीबाच्या पायात मी इतका हिंडलो, की दोनदा माझे तळ बदलावे लागले.

मग त्याची चाल अडखळू लागली. घरापासून बाभळीपर्यंत गेला, की पोटरीत गोळा यायचा. जरा थांबला, की कळ जायची. लोक हसायचे, “काय रं कोंडीबा, बाभळीला रामराम घातल्याबिगर पुढं जात न्हाईस व्हय?”

त्याची बायको सुलाबाई हसली नाही. ती बिरोबाला नवस बोलली. धनी न थांबता देवळापर्यंत चालत येत नाहीत, तोवर त्यांच्या पायात वहाण नाही! मी उंबऱ्याबाहेरच्या कोपऱ्यात गेलो. आठवड्यातच अनवाणी कोंडीबाला ठेच लागली. महिना झाला तरी अंगठ्याची जखम भरेना, उलट काळी पडू लागली.

शेवटी त्याला मिरजेला नेलं; तिथलं बोलणं मी मागाहून उंबऱ्याशी ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. आणखी उशीर केला असता, तर पाय गेला असता. बिडी आजपासून बंद. अनवाणी एक पाऊलही नको. जखम भरली, की रोज चालायचं. दुखलं की थांबा, थांबलं की पुन्हा चाला.”

“आवं, पर माझा नवस?”

“मावशी, तुमचा ना? मग तुम्ही पाळा.”

घरी आल्यावर सुलाबाईनं आपल्या चपला काढून माझ्याशेजारी ठेवल्या. “देवा, बोलले मी. फेडीन बी मीच.”

औषधपाण्यानं जखम भरली, कोंडीबाला मऊ बूट आले. माझे खिळे त्याच्या पायाला आता सोसणार नव्हते. हे मला कळत होतं. तरी सकाळी बूट निघाले, की मी कान देऊन पडायचो. पाऊल बाभळीपाशी थांबलं. पुन्हा निघालं. काही आठवड्यांनी बाभूळ मागं पडली, मग विहीर. एका रविवारी तो थेट देवळात जाऊन थांबला, मागून अनवाणी सुलाबाई. परत आल्यावर तिनं पाय धुतले, चपला घातल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

कोंडीबानं मला उचललं, धूळ झटकली. “लय चाललास गड्या,” म्हणाला आणि खाली ठेवलं.

मित्रांनो, देवाला द्यायचं ते आपलं द्यावं, दुसऱ्याच्या अंगावरचं देऊ नये. आणि चालता चालता कुणी वरचेवर थांबू लागलं, तर हसू नका, त्याला डॉक्टरकडे न्या.

मी अजून इथंच आहे, वाटेकडे तोंड करून.