इफेक्ट बंद करून

ही गोष्ट मी रागाने सांगत नाही. बरं, रागानेच सांगतो.

माझ्याकडे एक सिंथ मॉड्यूल आहे. काळा, चपटा लोखंडी डबा. कीबोर्ड जोडला की त्यातून आवाज येतात. तीस वर्षांपूर्वी वीस दिवस बसून मी त्यात एक आवाज बनवला. धड बासरी नाही, धड व्हायोलिन नाही, खिडकीच्या फटीतून वारा यावा तसा. तेव्हा रेकॉर्डिंगला मला 'वारेवाला' म्हणूनच बोलवायचे. बायकोने डब्याचं नाव सवत ठेवलं.

धाकट्या भावाने स्टुडिओ काढला, तोही माझ्याच ओळखींवर. एक दिवस म्हणाला, "दादा, डबा म्हातारा झालाय. उद्या बंद पडला तर? तुझा आवाज सॅम्पल करून ठेवू."

म्हणजे एकेक पट्टी दाबायची आणि तिचा सूर कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करायचा. एकसष्ट पट्ट्या, प्रत्येक हळू, मध्यम आणि जोरात, दर वेळी आठ सेकंद. दोन दिवस मी मान मोडून बसलो. सुरुवातीलाच तो म्हणाला, "डब्यातला इफेक्ट बंद कर. सॅम्पल कोरडंच घेतात. इफेक्ट काय, नंतर कॉम्प्युटरवर टाकता येतो." माझा अर्धा आवाज त्या इफेक्टच्या थरथरत्या घुमाऱ्यातच होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कॉम्प्युटरमधलं त्याला जास्त कळतं म्हणून मी स्वतःच्या हाताने तो बंद केला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर त्यालाच विचारलं, नीट पडला ना?

पुढच्या चार वर्षांत ती सॅम्पल्स इंटरनेटवरून जिकडेतिकडे गेली. नाव धाकट्याच्या स्टुडिओचं. आवाज घरबसल्या मिळत असताना मला आणि माझ्या डब्याला कोण बोलावणार? फोन बंदच झाले. एकदा विषय काढला तर म्हणाला, "दादा, लोकांना माहीत असतं रे सगळं." ते लोक मला अजून भेटायचे आहेत.

गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. "एका संगीतकार बाईंना तो जुना आवाज हवाय, आणि वाजवणाराही जुनाच हवाय. डबा घेऊन ये."

मी दाढीच्या ब्रशने डब्याची धूळ काढली, इस्त्रीचा शर्ट घातला. "सवतीला मिरवायला निघालात वाटतं," बायको म्हणाली. मला मिरवायचंच होतं. परक्या माणसासमोर धाकट्याने एकदा म्हणावं, हा आवाज माझ्या दादाने बनवलाय. बास, एवढंच हवं होतं.

इफेक्ट चालू ठेवून मी वाजवलं. किती वर्षांनी तो आवाज मोठ्या स्पीकरमधून ऐकत होतो! खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मान खाली घालून त्यांनी नीट ऐकलं. "काका, हात फार छान आहे तुमचा. पण हा आवाज जरा धूसर वाटतोय. ओरिजिनल कसा कोरडा, स्वच्छ आहे! मी कॉलेजपासून तोच ऐकत आलेय. ही त्याची नक्कल वाटते."

मी धाकट्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. त्याने नाक खाजवलं, माउस उगाच इकडचा तिकडे केला.

"दादा, डबा राहू दे," तो म्हणाला. "मी कॉम्प्युटरवरचा लावतो. तू फक्त वाजव."

मलाही तोंड होतं. पण मी बोललो असतो तर तो त्याच्याच स्टुडिओत खोटा पडला असता. लहानपणी काच तो फोडायचा आणि मार मी खायचो. सवय अशी सुटत नाही.

त्याने डब्याची वायर काढून कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला. मी वाजवलं. साल काढल्यासारखा उघडा, कोरडा आवाज. माझाच. बाईंनी डोळे मिटून टाळी वाजवली. "हाच! काका, हाच तो!"

धाकटा माझ्याकडे बघून हसला, सुटल्यासारखा. कुणाचीच काही तक्रार नव्हती. फक्त चालीची तिसरी ओळ माझ्याकडून जरा घाईत गेली होती.

"अजून एकदा घेऊ," मीच म्हणालो.