एका पत्त्याला एकच नाणं

रेव्हरंड ब्रॉडनॅक्स यांच्या गळ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. बोलता येईल कदाचित, पण गाता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. शुक्रवारपासून गळ्याला पूर्ण विश्रांती, म्हणजे गुरुवारची दुपारची उपासना हीच शेवटची.

माउंट नेबो चर्चमध्ये प्रवचन नुसतं सांगून भागत नाही. ते आधी चालतं, मग धावतं, आणि शेवटी गाऊ लागतं. बोलणं कुठे संपलं आणि सूर कुठे लागला हे ऑर्गन वाजवणाऱ्यालाही कळत नाही. तो आपला मागोमाग जातो. पण प्रवचनाला तिथवर एकट्याने पोचता येत नाही. पहिल्या बाकावरून कुणीतरी दर ओळीला ‘होय प्रभू’ म्हणावं लागतं, ‘सांगा, रेव्हरंड’ म्हणावं लागतं. झिलकऱ्याशिवाय कीर्तन आणि या हाकाऱ्याशिवाय प्रवचन, दोन्ही सारखीच लंगडी. माउंट नेबोत हे काम चर्चचे सेवक, डीकन होझिया टिलरी यांचं. केस काळे होते तेव्हापासूनचं.

आणि त्याच गुरुवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, सरकारी टांकसाळीच्या वेबसाइटवर यंदाचा चांदीचा डॉलर विक्रीला यायचा होता.

रेव्हरंडना दीक्षा मिळाली त्या वर्षापासून चर्चची मंडळी त्यांना दर वर्षी त्या-त्या सालचा चांदीचा डॉलर देत आली होती. लाल मखमलीची एक पेटी होती, तिच्यात प्रत्येक नाण्याला आपला खळगा. होझिया जन्मभर पोस्टमन आणि नाण्यांचे वेडे, म्हणून खरेदी त्यांच्याकडे. पूर्वी पोस्टाने मागणी धाडली की नाणं घरी येई. वेबसाइट आली आणि सुखाचा जीव दुःखात पडला. मेकन गावच्या नाणेसंग्राहकांच्या बैठकीत आता नाण्यांपेक्षा त्या वेबसाइटचीच चर्चा जास्त. कुणाचं नाणं पडद्यावरच्या खरेदीच्या पिशवीत पडायचं आणि पत्ता टाकेपर्यंत पिशवी रिकामी व्हायची. कुणाला ती विचारायची, तुम्ही माणूस आहात का. तो बिचारा तसं सिद्ध करेपर्यंत माल संपलेला. गेल्या वर्षी होझियांनी ते नाणं शेवटी एका दलालाकडून घेतलं होतं, आणि त्या दलालाचं हसू त्यांच्या अजून डोळ्यांपुढे होतं.

यंदा नाणं मिळाल्याची पावती तरी सोमवारच्या आत रेव्हरंडच्या हाती द्यायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. चर्चचं इंटरनेट फक्त तळघरातल्या स्वयंपाकघरात धड चालायचं. म्हणून बाराला पाच कमी असताना डीकन टिलरी लॅपटॉप घेऊन खाली उतरले. गाणं सुरू व्हायच्या आत वर पोचायचं, असा हिशेब.

बारा वाजले. पडद्यावर एक रेघ उमटली, आणि तिच्या डाव्या टोकाला एक इवलासा माणूस.

‘तुम्ही रांगेत आहात. पान बंद करू नका. पुन्हा उघडू नका. आपली पाळी येईल.’

शेगडीशी सिस्टर अर्लीन कोंबडी तळत होत्या. मंडळीत साऱ्याच बायकांना सिस्टर म्हणत; या विधवा, हाताला चव आणि जिभेला धार.

“काय म्हणतोय तुमचा बुटका?” त्यांनी विचारलं.

“चालतोय.”

“मला तर उभाच दिसतोय.”

“सिस्टर अर्लीन, तुम्ही कोंबडीकडे बघा.”

वर ऑर्गन थांबला. छताच्या फळ्यांतून रेव्हरंडचा आवाज आला, घोगरा, जपून टाकलेला. बेथेस्दाच्या तळ्याची कथा होती. तळ्याकाठी पंगू माणूस पडून आहे. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो. आणि हा उतरायला जातो तोवर दरवेळी दुसराच कुणीतरी पुढे.

“घ्या, तुमचीच कथा,” अर्लीन म्हणाल्या.

होझिया हसले नाहीत. बुटका रेघेवर बोटभर सरकला होता. खाली लिहिलं होतं, एक तासाहून अधिक. उठावं तर पान झोपतं आणि नंबर जातो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. बसावं तर वर शेवटचं प्रवचन चाललेलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही लोखंडी घडीची खुर्ची. लॅपटॉप उचलून जिन्यात जावं तर तिसऱ्या पायरीवर इंटरनेट मरतं. फोनवर करावं, तर पहिल्या बाकावरचा डीकन रेव्हरंडच्या तोंडासमोर फोन घेऊन बसला, असं कधी झालेलं नव्हतं.

ते कान देऊन ऐकू लागले. आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“वर कुणी बोलत का नाही?”

“कोण बोलायचं?”

“ते ओळ टाकतायत आणि ओळ तशीच खाली पडतेय. डीकन पर्व्हिस आहेत, गायकमंडळ आहे. कुणीतरी ‘आमेन’ म्हणायला नको?”

अर्लीनबाईंनी कढईत चिमटा फिरवला. गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवला.

“सिस्टर अर्लीन.”

“हे बघा डीकन, तुम्ही मला रविवारी म्हणालात की तुम्हीही प्रयत्न करा, दोघांत एकाला तरी लागेल.”

“हो, तुम्हाला म्हणालो.”

“मी गायकमंडळाला म्हणाले. चांगलं काम एकट्याने का करावं?” त्यांनी एप्रनच्या खिशातून फोन काढून ओट्यावर ठेवला. त्यावरही एक रेघ होती आणि एक बुटका. “आता सगळेच आहेत रांगेत. मांडीवर फोन, मान खाली. रेव्हरंडना वाटेल प्रार्थना चाललीय.”

होझियांनी डोळे मिटले. मग एकदम उघडले.

“पत्ता कुठला दिला सगळ्यांनी?”

“चर्चचा. तुम्हीच म्हणालात ना, घरच्या पायरीवरून पार्सलं चोरीला जातात, चर्चचा पत्ता घाला.”

पोस्टमनचं डोकं. जन्मभर जे पार्सल हरवू नये म्हणून जपलं, त्याच जपणुकीने आज घात केला. टांकसाळीचा नियम होता, एका पत्त्याला एकच नाणं. एकाच पत्त्यावर मागण्यांचा ढीग पडला की तिची यंत्रं सगळ्यांनाच लबाड धरतात, हे संग्राहकांच्या बैठकीत कितीदा ऐकलेलं. वर जाऊन सांगावं, बाकीच्यांनो बंद करा? त्यासाठी उठायला हवं. उठलं की आपला नंबर गेला. आणि उठून सांगणार काय, प्रवचन मधेच तोडून?

ते बसून राहिले. बुटका चालत राहिला.

वर रेव्हरंड तळ्याच्या काठाशी पोचले होते. आवाज चिरत होता. प्रभू त्या पंगूजवळ येऊन उभा राहतो आणि विचारतो. रेव्हरंडनी तो प्रश्न टाकला:

“तुला बरं व्हायचंय का?”

कुणी उत्तर दिलं नाही.

इथूनच तर सूर लागायचा असतो. होझियांना ती जागा पायऱ्यांसारखी पाठ होती. ते थांबले. रेव्हरंडही थांबले. मग पुन्हा, जरा खालच्या पट्टीत, आधार शोधत असल्यासारखं:

“मी विचारतो, तुला बरं व्हायचंय का?”

फळ्यांवर एक पाऊलही आपटलं नाही. ऑर्गनने एक स्वर धरला आणि सोडून दिला.

“बुटका पोचत आला हो,” अर्लीन हलकेच म्हणाल्या. “बोटभर राहिलाय.”

होझिया उठले. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

“पाळी आली तर बटण दाबा. नाही आली तर नाही.”

जिना ते कसे चढले हे त्यांचं त्यांना कळलं नाही. दार ढकललं. बाकांमागून बाक, नुसत्या वाकलेल्या माना, आणि प्रत्येक मांडीवर एक निळसर उजेड. पलीकडे व्यासपीठावर घामाने भिजलेले रेव्हरंड, दोन्ही हातांनी कड धरून, पुढचं वाक्य विसरल्यासारखे उभे. चांगल्या भरल्या घरात ते एकटे दिसत होते.

“होय प्रभू,” होझिया दारातूनच म्हणाले. “व्हायचंय.”

रेव्हरंडनी मान वर केली. माना एकामागून एक वर झाल्या.

“तो म्हणतो, मला पाण्यात सोडायला कुणी नाही,” रेव्हरंड म्हणाले.

“सांगा, रेव्हरंड.”

“मी उतरायला जातो तर माझ्याआधी दुसराच उतरतो.”

“तसंच होतं, प्रभू, तसंच होतं.” हे मात्र सगळ्या बाकांवरून आलं, आणि अगदी मनापासून आलं.

“तर प्रभू म्हणाला, ऊठ.” आणि त्या शब्दावर सूर लागला. चिरलेला होता, धुराने काळवंडलेल्या भांड्यासारखा होता, पण लागला. ‘ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग.’ ऑर्गन धावत मागे आला. होझिया पहिल्या बाकापर्यंत पोचलेही नाहीत. मधल्या वाटेतच उभं राहून प्रत्येक ओळीला साथ देत राहिले. कोण रडत होतं, कोण टाळ्या वाजवत होतं, देव जाणे. मधेच कुणाच्या मांडीवरचा फोन थरथरला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते खाली, ताटं वाढून झाल्यावर. सगळ्यांना एकच निरोप: या पत्त्यावरून अनेक मागण्या आल्याने सर्व मागण्या तपासणीसाठी रोखल्या आहेत. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

“तुमचं बटण मी दाबलं होतं हो,” अर्लीन म्हणाल्या. “उगीच मला दोष नको.”

रेव्हरंड नुसतं सूप घेत होते. होझियांनी त्यांना सगळं सांगितलं, तपासणीच्या नव्या रेघेवर अर्ध्यात खिळलेला बुटकाही दाखवला. रेव्हरंड खांदे हलेपर्यंत हसले.

“मला वाटलं,” ते कसेबसे म्हणाले, “मी सगळ्यांना झोपवलं.”

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी होझिया भेटायला गेले तेव्हा रेव्हरंडच्या गळ्याला पट्टी होती आणि बोलायला मनाई. उशाशी ती लाल पेटी, तिच्यात एक खळगा रिकामा. होझियांची नजर तिकडे गेली आणि तिथेच अडकली. रोज सकाळी ते वेबसाइट उघडत होते. रोज तेच, अर्ध्या रेघेवर उभा बुटका आणि खाली, तपासणी चालू आहे, कृपया थांबा. आता ना मागणी रद्द होत होती, ना दुसरी घालता येत होती.

रेव्हरंडनी पलंगाच्या कडेवर बोट वाजवलं, लक्ष वेधायला. मग दोन बोटं चादरीवर उभी केली आणि चालवली. बोटं अर्ध्या चादरीपर्यंत आली आणि थांबली. त्यांनी भुवया उंचावून डीकनकडे पाहिलं.

“होय रेव्हरंड,” होझिया म्हणाले. “अजून तिथेच आहे.”

रेव्हरंडनी डोळे मिटले, आणि पुढची ओळ घ्यावी तसं पुन्हा बोट वाजवलं.