चुकायला शिकवलेले प्रवासी

वयाच्या चौकटीत सहाचा आकडा उमटला. क्षणभराने तो पुसला गेला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी सावकाश तिथे शहात्तर आलं.

क्षिप्रा स्क्रीनकडे बघत राहिली. तो आकडा कुठल्याही बोटाने दाबलेला नव्हता. दूरच्या, भाड्याने घेतलेल्या संगणकांवर एक छोटासा प्रोग्राम प्रवाशाचं सोंग घेऊन चालला होता. असे हजारो प्रोग्राम आज एकदम तिने बांधलेल्या लाँचच्या तिकीट-बुकिंगवर चाचणी म्हणून तुटून पडणार होते.

"ह्याला चुकायला कोणी शिकवलं?"

"मीच," शेजारी बसलेली हेमाली म्हणाली. यंदाची चाचणी तिने लिहिली होती. "माणसं चुकतात ना, ताई. तुमचे गेल्या वर्षीचे प्रवासी लय शहाणे होते."

क्षिप्रा हसली, पण टोमणा लागायचा तिथे लागला. गेल्या वर्षीही गणपतीच्या गर्दीआधी तिने असेच खोटे प्रवासी सोडले होते. प्रत्येकाने आपापलं एक तिकीट घेतलं आणि गुमान निघून गेला. चाचणी पास. खऱ्या दिवशी मात्र बुकिंग पहिल्या तासातच बसलं, आणि माणसं मखरं, पोरं, पिशव्या घेऊन भाऊच्या धक्क्यावर ताटकळली. रेवदंड्याच्या वाडीत वाढलेल्या क्षिप्राच्या घरी ज्याचं तिकीट तोच काढायचा. इथे रेवसकडे सगळ्या आळीची तिकिटं एकच माणूस काढतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो आधी जागा धरतो, मग कोणाच्या दारात जाऊन, कोणाला फोन लावून नावं विचारतो. तोवर जागा अडकलेल्या, आणि बाकीचे बटण दाबून दाबून हैराण.

लाँचचा मालक निकेत दारात उभा होता. धक्क्यावरची तिकीटखिडकी यंदा ठेवायची की सगळं फोनवर घ्यायचं, हे तो होळीपासून विचारत होता. दोन्हीकडे विकलं की एकाच जागेवर दोघं बसायला येत. क्षिप्राचं उत्तर दरवेळी एकच: बघू.

"मॅडम, आज तरी बघून झालं का?"

"दादा, गप रे जरा," हेमाली म्हणाली. "सोडते."

स्क्रीनवरच्या आलेखात गर्दीची रेघ चढू लागली. कोणी अर्ध्यातून मागे फिरत होता, कोणी एकच बटण चारदा दाबत होता, कोणी धरलेल्या जागा तशाच ठेवून गप्प बसला होता. क्षिप्राच्या मनात आलं, ह्या पोरीने गर्दी मोजली नाही, ओळखली आहे. किती दिवस ती माणसांच्या हातातले फोन बघत बसली असेल!

"हा कोण? ह्याला नावच दिलंयस, 'बाबा'?"

"आमचे बाबा. आळीचा फोन." हेमालीचे वडील दयाराम, रेवसच्या अख्ख्या आळीची तिकिटं काढणारे. "त्यांनी अकरा जागा धरल्यात. आता ठमीआत्याला विचारतायत, पोरांना आणते का. आणि मी त्यांची रेंज घालवणार."

"आत्ता? एवढ्या गर्दीत?"

"रेंज जायची तेव्हाच जाते, ताई."

'बाबा' नाहीसे झाले. गेल्या वर्षी सगळं इथेच कोसळलं होतं. त्यानंतर तिने बुकिंग मुळापासून नव्याने बांधलं होतं: आधी फक्त जागा धरायच्या, नावं मागाहून भरायची, आणि फोन मध्येच तुटला तरी थोडा वेळ त्या जागा राखायच्या. कागदावर ते बरोबर होतं. गेल्या वर्षीचंही कागदावर बरोबरच होतं.

रेघ चढून वर सपाट झाली आणि तशीच राहिली, कोसळली नाही. इतरांची तिकिटं निघत होती. मग 'बाबा' परत उगवले. अकराच्या अकरा जागा त्यांची वाट बघत होत्या. एकेक नाव सावकाश भरलं गेलं.

"भेटली तिकिटं!" हेमालीने टाळी वाजवली. "खऱ्या बाबांनी एवढ्यात चार शिव्या घातल्या असत्या."

"त्याही शिकवायच्या होत्यास," क्षिप्रा म्हणाली. पुष्कळ दिवसांनी ती मोकळेपणी हसत होती.

निकेत मात्र अजून दारातच होता. "पण ज्यांच्याकडे फोनच नाय, ते?"

क्षिप्राने हेमालीकडे पाहिलं. हेमालीने 'बाबां'च्या अकरा नावांवर बोट ठेवलं. त्यातल्या बऱ्याच जणांकडे फोन नव्हता, हे क्षिप्राला आता विचारावं लागलं नाही.

"त्यांची तिकिटं आळी काढते," क्षिप्रा म्हणाली. "निकेत, खिडकी बंद करा. यंदा सगळं बुकिंग फोनवर."