मी नसण्याचा सराव

बर्फ कारखान्यात मला बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत मालवणच्या बाहेर मी सलग तीन रात्री काढलेल्या नाहीत. वीज गेली, जनरेटर रुसला, कॉम्प्रेसर ठोके द्यायला लागला, की सगळ्यांना एकच उपाय ठाऊक: मुनीरचाचाला फोन लावा. पुतणीच्या निकाहला रत्नागिरीला गेलो होतो, तर जेवणाच्या ताटावरून उठून परत यावं लागलं. लोक म्हणाले, केवढी निष्ठा. दाव्याला बांधलेल्या बैलाला कुणी निष्ठावान म्हणतं का?

खोटं कशाला बोलू, ते दावं मला आवडायचंही. बंदरावर बोटी खोळंबल्यात, बर्फ नाही, आणि मी पोचतोय म्हटल्यावर सगळे वाट सोडतायत, हे कुणाला नको असतं?

यंदा हजच्या यादीत आमचा नंबर लागला. माझा आणि माझ्या बायकोचा, खैरुन्निसाचा. चाळीस दिवस जायचं, तेही मासेमारीच्या हंगामाच्या ऐन अखेरीला, वाऱ्याने रोज वीज जाते तेव्हा. मी तिला म्हणालो, "मक्केत फोन लागता. मी थंयसून सांगतलंय."

भाकरी थापता थापता ती थांबली. "काब्यासमोर उभे रवान वॉल्व कितको फिरवचो ता सांगतलास? मगे माका कित्याक न्हेतास?"

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन मॅनेजर जितेंद्र यांच्याकडे गेलो. ते पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि एक जाडी फाइल केली होती: संकटातही काम चालू ठेवण्याची योजना. त्या योजनेचा सराव वर्षातून एकदा व्हायचा. म्हणजे वीज असताना सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं, सह्या करायच्या आणि वडापाव खायचा. फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'मुनीर यांना कळवावे.' दुसऱ्या पानावर माझा मोबाइल नंबर, तिसऱ्यावर घरचा.

साहेबांनी अर्ज वाचला, मग स्वतःची फाइल वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मुनीरभाई, खरा सराव करू. तुम्ही नाही असं समजून. जमलं तर रजा नक्की."

संचिता आयटीआय झालेली पोरगी, दोन वर्षं माझ्या हाताखाली. तिला पंधरा दिवस शिकवलं. "हयसून धर. असो फिरव."

"असो म्हणजे कसो, चाचा?"

"असो!" म्हणत मी तिच्या हातातला पाना काढून घ्यायचो.

सरावाच्या दिवशी साहेबांनी माझा फोन काढून घेतला आणि मला अंगणापलीकडच्या ऑफिसात बसवून बाहेरून कडी घातली. मी धावत येईन ही त्यांची भीती, आणि ती खरी होती. मेन स्विच पडला. कारखाना गप्प झाला. वीस मिनिटं मी खिडकीची जाळी धरून उभा होतो. स्वतःच्या मयतीला हजर राहिल्यासारखं वाटत होतं. मग कॉम्प्रेसर सुरू झाला. एकही ठोका नाही. मी पेढे घेऊन घरी गेलो.

खैरुन्निसाने विचारलं, "झाला ना बरोबर? संचिताचो फोन इल्लो. मी सांगलंय, आधी पाण्याचो पंप, मगे तेल बघ, बायपास उघड, मगेच मोटर. सक्शन एकदम सोडू नको."

तिने कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. बावीस वर्षं मी शेजारी बसून फोनवर ओरडत होतो, तेवढं ऐकून सगळं पाठ. हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला.

रजा मंजूर झाली होती. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. संध्याकाळभर मी गप्प बसलोही. शेवटी तीच म्हणाली, "आमी दोघा गेल्यार ती कोणाक फोन करतली?"

सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मंजुरीचं पत्र परत मागून घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा सराव, आणि या वेळी खैरुन्निसासुद्धा ऑफिसात.

ते आठही दिवस ती कारखान्यात आली. कुठला वॉल्व कुठे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून संचितालाच दाखवावं लागे, सांगावं लागे. ही नुसती विचारायची, "मगे? आणि तसा नाय केला तर काय जाता?" कामगार गणपतसुद्धा पुढे होऊन उत्तरं द्यायला लागला. मी पुढे झालो की ही डोळे वटारायची. "तुमका शिकवूक येणा नाय. तुमी हातातला काडून घेतास." दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिचं खरं होतं, म्हणूनच राग जात नव्हता.

दुसऱ्या सरावाला साहेबांनी फोन आमच्याकडेच ठेवले. "वाजला तरी उचलायचा नाही," म्हणाले आणि कडी घातली.

वीज गेली. थोड्या वेळाने टेबलावरचा माझा फोन वाजला. संचिता. माझा हात गेला, तर त्याच्या आधी खैरुन्निसाचा पंजा फोनवर. तो वाजायचा थांबला आणि तिच्या पर्समधला वाजायला लागला. ती कलमा पुटपुटत बसली. मग तोही थांबला. जनरेटर धडधडला, कॉम्प्रेसर फिरला आणि त्याने एक ठोका दिला. सक्शनचा वॉल्व एकदम उघडला की असाच बसतो. मी दारावर धडका मारल्या. "सक्शन बंद कर गो!" त्या आवाजात कोण ऐकतंय? मशीन थांबलं. खिडकीतून गणपत धावताना दिसला. त्यानंतरची दहा मिनिटं मी कशी काढली ते अल्लाला ठाऊक.

मग ते पुन्हा सुरू झालं आणि एका लयीत चालत राहिलं.

आता कडी काढतील म्हणून आम्ही उठून दारापाशी उभे राहिलो. खिडकीतून दिसलं, बंदरावरून टेम्पो आला, बर्फाच्या लाद्या घसरत त्यात पडायला लागल्या. साहेब, संचिता, गणपत, सगळे तिकडेच. अर्धा तास गेला.

"दार वाजवू?" मी विचारलं.

"बसा," ती म्हणाली. "आमका इसारले."

माझ्यावाचून तिथं कुणाचंच अडलं नव्हतं. मला रडू आलं, आनंदाचं की कसलं ते मलाच कळेना, आणि दार न वाजवता मी तिच्या शेजारी बसून राहिलो.